चॅनेल १६ : सागरावरील सामायिक संपत्ती



सामायिक साधनसंपत्ती म्हटले की गायरान वा गावतळे आठवते. नौकेवरील व्हीएचएफ रेडिओचे चॅनेल १६ हीदेखील तशीच संपत्ती होय. १५६.८ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे हे चॅनेल जगभर संकटसंदेश व प्राथमिक संपर्क यांसाठी राखलेले आहे. त्यावर एका वेळी एकच जण बोलू शकतो. कोणी गप्पा मारीत बसला, किंवा बोलण्याचे बटण नकळत दाबलेले राहिले, तर परिसरातील सर्वच नौकांचा संपर्क खुंटतो. म्हणून आधी ऐकावे, मग थोडक्यात बोलावे आणि नेहमीच्या संभाषणासाठी दुसऱ्या चॅनेलवर जावे, असा दंडक आहे. नौकेला किंवा जिवाला गंभीर धोका असेल तरच 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारून नौकेचे नाव, स्थान, संकटाचे स्वरूप व माणसांची संख्या सांगावयाची असते.

तथापि या रेडिओच्या लहरी साधारणतः क्षितिजापर्यंतच पोहोचतात. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ आले तेव्हा तमिळनाडू व केरळच्या अनेक नौका खोल समुद्रात होत्या. त्यांना वेळेवर इशारा मिळाला नाही. अनेकांचे प्राण गेले. कित्येक नौकांनी थेट सिंधुदुर्गातील देवगड बंदरात आश्रय घेतला. ही उणीव दूर करण्यासाठी एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाधारित ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला.

यंत्रे शासन पुरवू शकते. चॅनेल मोकळे ठेवण्याची शिस्त मात्र तांडेलांनी आपापसांतच पाळावयाची आहे.