कोशर बोर्डो : जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

आजचा विषय ऐकून अर्ध्या लोकांनी कपाळाला हात लावला असेल. कोशर फ्रेंच वाईन, आणि तेही अमरावती-अकोल्याच्या गप्पांमध्ये! वर्धा नदी ओलांडली की पलीकडे दारूबंदीचा जिल्हा, आणि हा भाऊ इकडे बोर्डोच्या बाटल्या मांडून बसला. पण थांबा जरा. हा विषय वाईनचा कमी आणि भावाचा जास्त आहे. भाव म्हटला की वऱ्हाडी माणसाचे कान उभे राहतातच.

तर प्रश्न असा. फ्रान्समध्ये बोर्डो नावाचा भाग आहे, तिथे द्राक्षाच्या मोठमोठ्या इस्टेटी आहेत, त्यांना शातो म्हणतात. समजा एकाच शातोच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या समोर आहेत. एकीवर मागच्या बाजूला हिब्रू अक्षरांचा छोटा शिक्का आहे, दुसरीवर नाही. शिक्कावाली बहुतेक वेळा महाग असते. लेओव्हिल प्वाफेरे, जिस्कूर अशा नावाजलेल्या शातोंच्या कोशर आवृत्त्या निघतात. रोथशिल्ड घराण्याची कोशर ओ-मेदोक तर खूप ठिकाणी मिळते. मग हे जास्तीचे पैसे चवीचे आहेत का?

माझं उत्तर सरळ आहे: नाही. आणि तरीही ते पैसे वाया गेले असं म्हणता येत नाही.

आधी कोशर म्हणजे काय ते पाहू. पुष्कळ लोकांना वाटतं की कोणीतरी रब्बी येऊन बाटलीवर मंत्र म्हणतो. तसं काही नसतं. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांत बसणारं. वाईनचा मुख्य नियम हातांचा आहे. द्राक्षं चिरडण्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंत त्या रसाला आणि यंत्रांना फक्त शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू लोकांनी हात लावायचा. आता गंमत पाहा. शातोचा मुख्य वाईनमेकर ज्यू नसेल, तर त्याला त्याच्याच तळघरात, त्याच्याच पिंपाची तोटी उघडता येत नाही. तो बाजूला उभा राहून सांगणार आणि बाहेरून आलेली माणसं करणार. चाखायला घोटभर हवी असली तरी दुसऱ्याने काढून द्यायची. वेगळ्या टाक्या, वेगळी टोळी, थोडाच माल. मग खर्च वाढणार नाही तर काय!

दुसरा नियम रसात काय टाकायचं याचा. वाईन नितळ करायला काही ठिकाणी जिलेटिन वापरतात, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून येतं. कोशरमध्ये ते चालत नाही, म्हणून बेंटोनाइट नावाची माती वापरली जाते. शाकाहारी मंडळी, लगेच खूश होऊ नका. अंड्याचा पांढरा भाग कोशरमध्ये चालतो. कोशर म्हणजे शाकाहारी नव्हे.

हा हातांचा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला टोचला. आपल्या भागात वाढलेल्या कोणालाही टोचेल. कोणाचा हात लागला म्हणून वस्तू बाद होते, हे वाक्य आपण फार वेगळ्या आणि फार वाईट अर्थाने ऐकलेलं आहे. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की मूळ कारण दुसऱ्या देवांना अर्पण केलेली वाईन आपल्या पेल्यात येऊ नये हे होतं. एक छोटा समाज स्वतःच्या पेल्यापुरता नियम पाळतो, त्याने कोणाची विहीर बंद होत नाही, हा फरक मला मान्य आहे. पण टोचणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही.

या नियमाला त्यांच्याच परंपरेत एक वाट आहे, आणि ती चवीसाठी महत्त्वाची आहे. वाईन तापवली की नंतर ती कोणीही ओतली तरी चालते. अशा वाईनला मेवूशाल म्हणतात, म्हणजे शिजवलेली. लग्नात, हॉटेलात वेटर कोणत्याही धर्माचा असू शकतो, तिथे हीच लागते. किती तापवायची याबद्दल रब्बींची मतं वेगवेगळी आहेत, पण साधारण ८० अंशांच्या आसपास किंवा थोडं वर धरा. पूर्वी खरंच उकळायचे, आणि वाईनचा मुरंबा व्हायचा. आता रस काही क्षणच तापवून लगेच थंड करतात. नुकसान बरंच कमी होतं, तरी चांगल्या शातोंच्या महागड्या कोशर बाटल्या बहुधा न तापवलेल्या असतात. म्हणून लेबल वाचताना पहिलं हे पाहायचं: मेवूशाल लिहिलंय की नाही. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर न तापवलेली घ्या. वीस पाहुण्यांना आजच प्यायला द्यायची असेल तर मेवूशाल घ्यायला काहीच हरकत नाही.

बाकी अकोल्यात मे महिन्यात कूलर नसलेल्या दुकानात ठेवलेली कोणतीही बाटली आपोआप मेवूशाल होते, रब्बी लागत नाही. हसू नका, हे खरं संकट आहे. ४५ अंशांत बाटली आठवडाभर राहिली की आतली फळाची चव मरते, बूच वर सरकतं, कधी कडेने चिकट ओघळ दिसतो. अशी बाटली बोर्डोची असो की नाशिकची, तिचा भाव माझ्या हिशोबाने शून्य. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, सूट असली तरी.

आता चाखायचं कसं? इंग्रजी पुस्तकांतलं ब्लॅककरंट आपण कधी खाल्लेलं नाही, ते सोडून द्या. आपल्या तोंडाला माहीत असलेल्या चवी धरा. वास घ्या: जांभूळ, ओली माती, कात, लवंग, नवीन कपाटाचं लाकूड? ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. शिजलेल्या मनुकांचा, जॅमचा वास आला आणि वाईन तरुण असेल, तर तिला कुठेतरी जास्त उष्णता लागली आहे. मग घोट घ्या आणि लगेच गिळू नका. जिभेच्या कडेला पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या कच्च्या सुपारीसारख्या ओढल्या गेल्या तर तो तुरटपणा, टॅनिन. घशात जळजळ ती अल्कोहोलची. हे तिन्ही एकमेकांना सांभाळतात का ते पाहायचं. गिळल्यावर मनात आकडे मोजा. चव तिसऱ्या आकड्याला संपली तर वाईन साधी. दहा-बारापर्यंत टिकली आणि चांगली टिकली, तर बनवणाऱ्याने काम केलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाटली झाका. २००१ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी बोर्डोतल्या वाईनच्या विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात एकच वाईन दोन वेगळ्या किमती सांगून पाजली. महाग सांगितलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये आनंदाशी संबंधित भागही जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त मजा आली.

आम्ही पुण्यात पाच जणांनी हेच करून पाहिलं. ऑफिसातल्या एका मित्राने पॅरिसहून कोशर बोर्डो आणली होती. सोबत एक साधी बोर्डो आणि एक नाशिकची कॅबरने. तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि नंबर टाकले. माझ्याकडे कोशर दुसरी आली, साधी बोर्डो पहिली. एकाने नाशिकच्या बाटलीला पहिला नंबर दिला होता. कागद काढल्यावर तो म्हणे, ‘थांब, परत चाखतो.’ परत चाखली आणि क्रम बदलला. बाप्पा, आता वाईन थोडीच बदलली होती! कोशर शिक्क्याची चव मात्र पाचातल्या एकालाही ओळखता आली नाही. येणारही नव्हती, कारण त्या शिक्क्याला चवच नसते.

आता भावाकडे या. बोर्डोची सगळ्यात गाजलेली प्रतवारी १८५५ ची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी शातोंची पहिल्या ते पाचव्या दर्जापर्यंत यादी केली. कशावरून? मुख्यतः आजवर कोणाचा माल किती भावाने विकला गेला त्यावरून. त्यात लेओव्हिल प्वाफेरे दुसऱ्या दर्जात आहे, जिस्कूर तिसऱ्यात. आणि आज त्याच दर्जावरून भाव मागितला जातो. भावावरून दर्जा, दर्जावरून भाव! आपल्याकडे कापसाचं निदान मोजमाप तरी आहे. खरेदीदार चिमटीत धागा ओढून लांबी पाहतो. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे माल परत. शेतकऱ्याला ते जाचक वाटो, पण आकडा डोळ्यांसमोर असतो. वाईनच्या लेबलवर असा आकडा नसतो.

कोशरच्या जास्तीच्या पैशाला मला जवळची वाटते ती खादी. सेवाग्राम आपल्या शेजारीच आहे. खादीचा सदरा मिलच्या सदऱ्यापेक्षा महाग, पण तो जास्त मऊ आहे म्हणून कोणी घेत नाही. सूत कोणी कातलं, कसं विणलं, याचे ते पैसे. ज्याला त्याने फरक पडतो त्याच्यासाठी भाव बरोबर. ज्याला फक्त अंग झाकायचंय त्याने मिलचा घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

त्यामुळे तुम्ही ज्यू नसाल आणि फक्त चवीसाठी घेत असाल, तर त्याच शातोची बिनशिक्क्याची बाटली घ्या. त्याहून चांगलं म्हणजे नाव नसलेल्या पण नीट बनवलेल्या बाटलीकडे वळा. भारतात आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, वर राज्याचे कर वेगळे. तुमच्या पैशातला किती भाग द्राक्षापर्यंत पोचतो, याचा हिशोब करा.

आणि ज्याला शिक्का हवाच, पण परवडत नाही किंवा मिळतच नाही, त्याने काय करायचं? याचं उत्तर मराठी माणसांनी फार पूर्वी शोधलंय. अलिबाग, रेवदंडा, पेणच्या पट्ट्यातले बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आडनावं दिवेकर, पेणकर अशी. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले, भारतात आता काही हजार उरलेत. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना द्राक्षाच्या पेल्यावर किद्दुश ही प्रार्थना म्हणतात. कोकणात कोशर वाईन कुठून येणार? तर यांनी काळ्या मनुका घेतल्या, धुऊन पाण्यात भिजवल्या, कुस्करल्या, फडक्यातून गाळल्या. झालं किद्दुशचं शरबत. ज्यू धर्मशास्त्रात मनुकांच्या वाईनला जुनी मान्यता आहेच. घरच्याच हातांनी केलेलं, त्यामुळे हातांचा प्रश्न मिटला. नशा नाही, म्हणून लहान पोरांनाही घोट मिळतो.

मी हे घरी करून पाहिलं. पावशेर काळ्या मनुका रात्रभर पाण्यात, सकाळी हाताने कुस्करून सुती कापडातून गाळायचं. रंग गडद तपकिरी येतो, आधी गोड लागतं आणि मागून सालीचा हलका तुरटपणा. मिक्सर लावू नका, बिया फुटल्या तर कडू होतं. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, नाहीतर आंबायला लागेल.