गणिताच्या वर्गातील यंत्र
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकमेळाव्यात केलेले भाषण)



गणिताच्या अध्यापनावर बोलण्यास आम्हांला उभे केले, यात कार्यकारिणीचे औदार्य अधिक आणि आमची योग्यता कमी आहे. आम्ही बी. ए. आहोत, आणि बी. ए. होण्याचे मुख्य कारण गणिताची धास्ती हेच होते. लॉगॅरिथमच्या कोष्टकांचे ते पातळ पुस्तक डोळ्यांपुढे आले की आजही तळहाताला घाम फुटतो. पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत सारी हयात आकड्यांचे तक्ते तपासण्यातच गेली, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. तेव्हा आज जे सांगणार आहोत, ते एका चुकलेल्या पालकाचे निवेदन समजून ऐकावे, ही विनंती.

गणित आणि साधन यांचे नाते फार जुने आहे. आपल्या पूर्वजांनी अंकगणिताला 'पाटीगणित' म्हटले; ज्या पाटीवर आकडे मांडावयाचे, तिचेच नाव त्या शास्त्राला दिले. भास्कराचार्यांची ११५० सालची 'लीलावती' याच परंपरेतील. युरोपात नेपियरने १६१४ साली लॉगॅरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली आणि खगोलशास्त्रज्ञांचे प्रचंड गुणाकार बेरजेवर आले. आपल्या देशात १९८४-८५ च्या सुमारास निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. २०१७ साली 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकातील चौकोनी क्यूआर कोडवर मोबाइल धरला की धडा पडद्यावर दिसू लागला. म्हणून यंत्र वर्गात यावे की येऊ नये, हा वाद आता व्यर्थ आहे. ते कोणत्या क्षणी यावे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. आणि त्या प्रश्नातच आम्ही चुकलो.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. आमची कन्या त्या वर्षी सातवीत गेली. वर्ग घरी भरू लागले, म्हणून आम्ही तिला टॅब्लेट घेऊन दिला. उदाहरणाचे छायाचित्र काढावे आणि पायऱ्यांसह उत्तर मिळावे, अशी सोय त्यात होती. वही दररोज बिनचूक भरत होती. ती वही पाहून आम्ही संतुष्ट होतो. किंबहुना आप्तेष्टांत मिरवीतही होतो. पुढे शाळा उघडल्या, नववीची पहिली परीक्षा झाली, आणि गणिताची उत्तरपत्रिका तिने दोन दिवस दप्तरातून बाहेर काढली नाही. आम्ही रागावलो. ती इतकेच म्हणाली, "बाबा, वहीतली उत्तरे बरोबर होती, पण ती माझी नव्हती." यात यंत्राचा दोष कसला? विचार करण्याच्या आधीच आम्ही ते तिच्या हाती दिले होते.

आमचे तीर्थरूप टपाल खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडेच राहतात. आज ते येथे पहिल्या रांगेत बसले आहेत. पावकी, निमकी, दीडकी त्यांना अजून मुखोद्गत आहे. परंतु आजोबा 'सदतीस' म्हणाले की नात 'थर्टी सेव्हन का?' असे विचारी. मराठीत एकक आधी, इंग्रजीत दशक आधी. त्यामुळे 'त्र्याहत्तर' ऐकून तिच्या हातून सदतीस लिहिले जाई. परप्रांतातल्या आपल्या किती घरांत हे घडत असेल! आजोबांनी शिकवावे आणि नातीने शिकावे, हा मार्गच त्यामुळे बंद पडला होता.

एका संध्याकाळी ती १ भागिले ७ करीत होती. साध्या कॅल्क्युलेटरवर ०.१४२८५७१ एवढे दिसले आणि तिने तसेच उतरून घेतले. आजोबांनी एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर भागाकार मांडावयास सांगितले. बाक्या येत गेल्या : ३, २, ६, ४, ५, १. "अगं, सातने भागताना बाकी कोणकोणती उरू शकते?" त्यांनी विचारले. ती म्हणाली, "शून्य आली तर भागाकार संपेल. नाही तर एक ते सहा." "मग सहा बाक्या होऊन गेल्या. आता?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आता जुनीच कुठली तरी परत येणार!" म्हणजे १४२८५७ हे आकडे पुनःपुन्हा येणार, हे तिने स्वतः शोधले. मग तिने आपण होऊन १ भागिले १७ घेतले. आठ आकड्यांच्या खिडकीत पुनरावृत्ती दिसेना. कागदावर मात्र ०५८८२३५२९४११७६४७ असे सोळा आकडे झाल्यावर बाकी पुन्हा १ आली. त्या रात्री जेवणाची पाने दोनदा वाढून थंड झाली, पण आम्ही कोणी काही बोललो नाही.

या प्रसंगातून आपल्या मंडळाचा रविवारचा गणितवर्ग निघाला. एक जुना लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि सभागृहाची पांढरी भिंत, एवढीच सामग्री. शेजारची तेलुगू मुलेही येतात. येथे आम्ही 'जिओजेब्रा' वापरतो. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ साली आरंभिलेली ही प्रणाली शाळांना विनामूल्य मिळते. मुले त्रिकोण काढतात, तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक काढतात. ते एका बिंदूत मिळतात. आता एक शिरोबिंदू सरकवावयाचा. पण सरकविण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत लिहावयाचे, की तो बिंदू कोठे जाईल. मग यंत्र चालते. त्रिकोण काटकोनी झाला की बिंदू कर्णाच्या नेमक्या मध्यावर बसतो. कोन विशाल झाला की त्रिकोणाबाहेर पडतो. ज्यांचा अंदाज चुकतो, ती मुले अधिक जवळ सरकून पाहतात. फळ्यावर खडूने इतक्या आकृत्या काढणे कोणत्याही गुरुजींना शक्य नाही, आणि यंत्राचे खरे सामर्थ्य येथेच आहे.

तथापि शंभर त्रिकोण पाहिले म्हणजे सिद्धता झाली, असे नाही. प्रोजेक्टर बंद करून आम्ही विचारतो : तिन्ही रेषा एकाच बिंदूत का मिळाल्या? लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू रेषाखंडाच्या दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असतो, हे कोणीतरी आठवते. तेथून दोन पावलांत उत्तर हाती लागते. ती दोन पावले मुलांनीच टाकावयाची असतात.

यंत्रावर आंधळा विश्वास नको, हेही मुलांना यंत्राकडूनच शिकविता येते. २ अधिक ३ गुणिले ४ हे गणित क्रमाने दाबले, तर दुकानातला साधा कॅल्क्युलेटर २० दाखवितो आणि मोबाइलमधला १४. दोन्ही यंत्रे धडधाकट आहेत; मग खरे कोणते? या एका प्रश्नावर आमच्या वर्गात पाऊण तास चर्चा चालली, आणि गुणाकार आधी हा नियम कोणालाही पुन्हा सांगावा लागला नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की घरी हा क्रम पाळावा : आधी अंदाज, मग हाताने आकडेमोड, त्यानंतर यंत्र, आणि शेवटी 'असे का?' हा प्रश्न. प्रत्येक मुलास स्वतंत्र यंत्र हवेच असे नाही. दहा जणांत एक पडदा असला, तर मुले आपसांत वाद घालतात, आणि तो वाद हेच अर्धे अध्यापन असते. अंदाजाचे काम घरातील वडीलधाऱ्यांकडे द्यावे. दीडकी येणाऱ्या आजोबांना सातांची दीडपट साडेदहा हे उत्तर मोबाइल उघडण्याआधी सुचते, आणि पडद्यावरचा आकडा बरोबर की चूक, हे त्यांना ताबडतोब समजते.

आमच्या कन्येस पुढे गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण उत्तरपत्रिका मात्र ती त्याच दिवशी दाखवू लागली. आणि आता 'त्र्याहत्तर' म्हटले, की ती न विचारता त्र्याहत्तरच लिहिते.

पन्नास वर्षांपूर्वी आपली भाषा मुलांच्या कानी पडावी म्हणून ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांच्या संकल्पात अंकांची भाषाही सामावलेली होती, असे आम्ही मानतो. रविवारी सकाळी दहा वाजता वर्ग भरतो. मुलांना पाठवावे, आजी-आजोबांना तर अवश्य पाठवावे.