विडीचा धूर आणि चुलीचा धूर

श्रोतेहो, जामनेर तालुक्यातल्या कोणत्याही गावात विडी ओढणाऱ्या गृहस्थाला सांगून बघा, की बाबा, तुझ्या धुराने घरातल्यांना अपाय होतो. तो शांतपणे चुलीकडे बोट दाखवील. "गुरुजी, पऱ्हाट्या पेटल्या म्हणजे सारं घर धुरानं भरतं. त्यानं कुणी मेलं नाही, मग माझ्या टीचभर विडीनं कोण मरणार?" प्रश्न अडाणीपणाचा नाही. आज त्याचाच हिशेब करू.

धुराचे मोजमाप करायला गेलो, तर पहिले माप त्या गृहस्थाच्या पदरात पडते. १९८१ साली कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा मोजणारी यंत्रे अडकवली. गोवऱ्या-लाकडे जळत असताना घनमीटरभर हवेत सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण निघाले. एकट्या माणसाच्या विडीने खोलीत एवढे साठत नाहीत. पण चुलीने कुणी मरत नाही, हे मात्र खोटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरगुती सरपण, कोळसा, रॉकेल यांच्या धुराने जगात ३२ लाख माणसे दगावली. स्वतः न ओढता, दुसऱ्याच्या विडी-सिगारेटच्या धुराने वर्षाला १३ लाखांहून अधिक जातात. तेव्हा चूल ही मोठी अपराधी, मान्य.

पण चोर मोठा सापडला म्हणून लहान चोराला सोडतात का? शिवाय नुसत्या वजनावर विषाची पारख होत नाही. १९८१ सालीच जपानमध्ये हिरायामा या संशोधकाने स्वतः न ओढणाऱ्या ९१ हजारांवर विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. नवरा जितका अधिक ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाचा कर्करोग अधिक! त्यावर पुष्कळ वाद झाला, तंबाखू कंपन्यांनी तर आकाशपाताळ एक केले. पण पुढच्या पाहण्यांनी तेच दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था लाकडाच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' म्हणते. दुसऱ्याच्या तंबाखूच्या धुराला ती 'निश्चित कर्करोगकारक' म्हणते.

आणि आपल्याकडे हे दोन धूर वेगवेगळ्या घरांत थोडेच असतात? धाब्याचे घर, एक दार, थंडीत तेही लावलेले. भाकरी झाली, चूल विझली, की घरधनी बाजेवर टेकून विडी शिलगावतो. शेजारी लेकरू झोपलेले. घरातली हवा जरा निवळू लागते, नेमक्या त्याच वेळी दुसरा धूर सुरू. ज्या घरात ओढतात तिथल्या मुलांना दमा, छातीचे विकार आणि कानाचे दुखणे अधिक होते. मुलाचा कान वारंवार वाहतो आणि आपण थंड पाण्याला बोल लावतो.

चुलीचे निदान एक कारण आहे, तिच्यावर भाकरी भाजते. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत सिलिंडर पोहोचला. पण शेतात पऱ्हाट्या फुकट पडल्या असताना सिलिंडर पुन्हा भरायला पैसे काढणे जड जाते, हे मी समजू शकतो. विडी घराबाहेर नेण्याला मात्र एक पैसाही लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, कायदा तुमच्या बाजूला आहे. मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. शाळेसमोरच्या टपरीवाल्याला हे एकदा जरूर ऐकवा. पण घराच्या उंबऱ्याच्या आत हा कायदा येत नाही. तिथे पालकसभेतच बोलायला हवे. मुलांना मात्र बापाला शिकवायला पाठवू नका, मार त्यांनाच बसतो.

खिडकी उघडली, दारात उभे राहिले, एवढ्याने भागत नाही. धूर वाऱ्याबरोबर आतच वळतो. अंगण ओलांडून जायला हवे. "एवढ्या थंडीत बाहेर?" असे कुणी विचारीलच. रात्रीची वीज आली, की पिकाला पाणी द्यायला तो त्याच थंडीत शेतावर जात असतो.