शिकाऱ्याचं वय



मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर जाऊन शिकारीचा विषय काढला, की आधी सगळे गप्प होतात. पाहुणा वनखात्याचा तर नाही ना, हे नजरेनं तपासलं जातं. चहा होतो, पावसाच्या, भाताच्या गोष्टी होतात आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "आमचा आजा जायचा." शिकार नेहमी आजाच करत असतो. हयात असलेल्या कुणी ससासुद्धा मारलेला नसतो! कायद्याचा हा धाक रास्त आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या गप्प बसण्यात आणखी काय हरवतं, ते आज सांगायचं आहे.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे. तरुणपणी माणूस मारतो, उतारवयात त्याला दया येते. वाल्याचा वाल्मीकी होतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून असेल. दाखलेही आहेत. मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलानं छर्‍याच्या बंदुकीनं चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. ते पक्षितज्ज्ञ सलीम अली. मात्र पुढचं आपण सांगत नाही. पक्ष्यांचे नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी पुढे अनेक वर्षं बंदूक वापरली, आणि अभ्यासासाठी ते आवश्यकच आहे असं त्यांचं मत होतं. म्हणजे मारणं थांबलं नाही, मारण्याचं कारण बदललं.

दुसरं नाव तर आकाशवाणीच्या माणसांना घरचंच वाटेल. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर काम करत होते. हाडाचे शिकारी. पुढे बंदूक मागे पडली, वही आणि चित्रं काढायची पेन्सिल हातात आली, आणि वानरांच्या टोळ्यांवरची 'सत्तांतर' ही कादंबरी आपल्याला मिळाली. तिला 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरं इतकी बारकाईनं पाहणारी ती नजर आधी बंदुकीमागे तयार झाली होती, असं मला वाटतं.

वयानुसार शिकारी कसा बदलतो, याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन या दोन प्राध्यापकांनी 1970 च्या दशकात हजारावर शिकाऱ्यांना गाठून त्यांच्या आवडीनिवडी विचारल्या. त्यांना पाच टप्पे दिसले. पहिल्या टप्प्यात नुसते बार उडवायचे असतात. मग परवान्यानं दिलेला आकडा भरायचा असतो. त्यानंतर मोठ्या शिंगांचाच नर हवा असतो. मग कशानं आणि कसा मारला, यात रस येतो. शेवटी रान, सोबती, पहाट एवढंच पुरतं, हाती काही नाही लागलं तरी चालतं. वाचायला हे फार सुरेख आहे. फक्त ही हौशी माणसं आहेत, संध्याकाळच्या भाकरीसोबत काय, हा प्रश्न त्यांना पडलेला नसतो.

आमच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांत टप्प्यांचा हा जिना असा चढत नाही. पोर चालायला लागलं की थोड्याच वर्षांत गळ्यात गलोल येते. होला, पारवा, सरडा, खार, जे दिसेल त्यावर दगड. भात कापून झालं की कातकरी पोरं बांधावर उंदरांची बिळं उकरतात. उंदीर मिळतो आणि त्यानं बिळात साठवलेलं भातही मिळतं. शेतकरी खूष, कारण त्याचा उंदीर गेला. विस्कॉन्सिनच्या पहिल्या टप्प्यासारखं हे दिसतं खरं, पण इथे पोराचा नेम हा घराच्या जेवणाचा भाग असतो. आई विचारते, काय आणलंस?

मग विशीतला जवान गडी डुकराच्या हाक्याला जातो. ही खरी मर्दुमकी. चवताळलेलं रानडुक्कर सुळ्यानं मांडी उभी फाडतं, कुत्र्यांची आतडी बाहेर काढतं. रानात शिरणारे हाकारे, नाक्यावर दबा धरून बसलेले, जाळं धरणारे, प्रत्येकाची जागा ठरलेली. ती कोण ठरवतो? ज्याला आता पळवत नाही तो. डुक्कर कुठल्या ओहोळातून उतरेल, वारा कुठून आहे, माग कालचा की आजचा, हे म्हातारा सांगतो. वाटे पडतात तेव्हाही तोच मध्ये बसतो. जो आला त्याला वाटा, घरी आजारी पडलेल्यालाही वाटा. दिवसभर त्याच्या हातून एकही जीव गेलेला नसतो, पण शिकार त्याचीच असते.

मधलं वय मात्र कुणाच्या हिशोबात येत नाही. तिशी ते पन्नाशीचा माणूस हा आधी शेतकरी असतो. आश्विनात भात पोटरीत येतं, वरकसावर नाचणी, वरई उभी असते आणि रात्री डुकरांचा कळप येऊन एका रात्रीत वावर लोळवून जातो. हा माणूस माळ्यावर जागतो, डबा बडवतो, शिव्या घालतो. नुकसानीची भरपाई आहे, पंचनामा आहे, कागद आहेत, पण लोळलेलं भात उभं राहत नाही. या वयात जनावर मारलं तर त्यात हौस नसते, राग असतो. तरुणपणी ज्या डुकराबद्दल तो कौतुकानं बोलायचा, त्याच डुकराला तो आता चोर म्हणतो. दयेकडे जाणाऱ्या सरळ वाटेवर हे वळण कुठे बसवायचं?

आणि वलगण! ज्येष्ठाच्या पहिल्या दणक्याला ओढे भरतात, शिवडे, खवली, मरळ अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढत भातखाचरांत शिरतात. त्या रात्री बत्ती, टोपल्या, जाळी घेऊन सगळा गाव बांधावर. तिथे आठ वर्षांचा आणि ऐंशी वर्षांचा सारखाच भिजलेला असतो. अंड्यांनी भरलेली मासळी धरली तर पुढच्या साली काय उरणार, हे म्हाताऱ्याला कळत नाही असं नाही. पण गाबोळीची चव त्यालाही ठाऊक आहे. वयानं माणूस सगळ्याच जिवांबद्दल सारखा हळवा होत नाही. माशाच्या वाट्याला तो हळवेपणा आलेला मी तरी पाहिला नाही.

तरीही काहीतरी बदलतं. टोकावड्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी सरळ विचारलं, पाय थकले म्हणून सोडली की मन भरलं म्हणून? ते म्हणाले, "मास्तर, पहिले पाय थकले. मग बसून बघायला लागलो. बघायला लागलो तर भेकराचं पिलू आईला कसं हाका मारतं ते कळलं. ते आधी पण ऐकलं होतं, पण तेव्हा आवाजाच्या दिशेला जायचो." यात पश्चात्तापाचा सूर नव्हता. एक माहिती सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

अशा माणसांकडे काही रीती असायच्या. गाभण मादी दिसली तर हात आवरायचा. मोहाखाली फुलं खायला आलेल्या जनावरातलं कुठलं सोडायचं, ते ठरलेलं. पाणवठ्यावर रोज बसायचं नाही. वाघाला तर वाघबारशीला नैवेद्य, रानातल्या दगडावर कोरलेला वाघोबा हा देव. सगळे पाळत होते असं म्हणणार नाही. गवताला वणवा लावून ससे उठवणारेही हेच लोक. पण नियम होता, आणि तो मोडला की बोलणारं माणूस होतं. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. हाक्याच्या दिवशी, चालता चालता, म्हातारा पोराला सांगायचा.

इथेच कायद्याशी गाठ पडली. 1951 चा मुंबई राज्याचा कायदा परवान्यानं शिकार करू देत होता. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी काही प्राण्यांसाठी परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीनं ते दार बंद झालं. 1970 साली तानसा अभयारण्य झालं होतंच. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांभोवतीचं रान टिकलं म्हणून आज शहापुरात बिबटे, भेकरं उरली आहेत. हे सगळं व्हायलाच हवं होतं. फक्त शिकार गुन्हा झाल्यावर म्हाताऱ्याचं तोंडही बंद झालं. नातवाला मागाची भाषा शिकवायची तर काय म्हणून शिकवणार?

पोरं मात्र थांबलेली नाहीत. मोटरसायकलच्या क्लचच्या तारेचा फास कुणालाही लावता येतो. त्याला नेम लागत नाही, माग लागत नाही, रात्रभर जागावं लागत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकून तडफडतो. कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात, तो गोळा डुकराचा जबडा उडवतो आणि जनावर दोन दिवस तसंच हिंडत मरतं. गाबोळीवर ताव मारणाऱ्या आजालाही हे पाहवत नाही. शहरातून शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारे पाहुणे "गावठी काही मिळेल का" असं विचारतात, तेव्हा गावठी म्हणजे कोंबडी नसते. यात पोराचं वय विसाचं, पण त्याच्या वर कुणी साठीचं नाही. नुसत्या वाढत्या वयानं तो शहाणा होईल, हा भरवसा मला वाटत नाही. त्याच्या आजाला तो शहाणपणा वयानं नाही, आणखी एका म्हाताऱ्यानं दिला होता.

2006 च्या वनहक्क कायद्यात एक मजेशीर जोडी आहे. कलम 3 नं रानावरचे पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क नाव घेऊन वगळला. आणि कलम 5 नं ग्रामसभेला वन्यजीव राखण्याचा अधिकार दिला. म्हणजे मारायचं नाही, राखायचं. ठीक. मग राखणार कोण? फास कुठल्या वाटेवर लागतो, हे ज्यानं आयुष्यभर माग काढले त्याला सर्वांत आधी दिसतं. ग्रामसभेच्या समितीत शिकलेली, सही करणारी मंडळी बसतात. त्यांच्या शेजारी एक-दोन जुने शिकारी बसवावेत. त्यांना मागचं काही विचारू नये. मोहाच्या हंगामात पाणवठ्याच्या वाटांवर पोरांना बरोबर घेऊन त्यांनी सकाळची फेरी मारावी, तारा उपटाव्यात, त्या दिवसाची मजुरी त्यांना रोख मिळावी. पोरांना तेव्हा मागाची भाषाही उघडपणे शिकवता येईल. पाय साथ देत नसतील, तर मोटरसायकलवर मागे बसवून न्यावं. ती तर आता प्रत्येक पाड्यावर आहे.