रस्त्याचा पैसा कोणाचा आणि जातो कोठें?
(गांवांतील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



रस्ता हा चालण्याचा विषय आहे, बोलण्याचा नव्हे, असें कोणी म्हणेल. त्यांनीं माझ्या शाळेचा हजेरीपट पाहावा. ओढ्यापलीकडच्या वस्तीचीं मुलें जून महिन्यांत मोठ्या हौसेनें येतात. आषाढांत मोरीवरून पाणी चढूं लागलें कीं त्यांच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात, त्या पोळ्यापर्यंत. हीं मुलें मठ्ठ म्हणून मागें पडत नाहींत. वर्षांतले दोन महिने त्यांना शाळाच नाहीं म्हणून मागें पडतात. बाळंतीण अडली तर बाजेवर घालून ओढा ओलांडावा लागतो. कुंभारदादा मडकीं घेऊन बाजाराला निघतात, त्यांत वाटेंत किती फुटलीं याचा हिशेब कोणत्याच दफ्तरांत नाहीं. खड्डा हा आपल्या मालावरचा एक करच आहे. फरक इतकाच कीं त्याची पावती मिळत नाहीं.

आपण म्हणतों, "सरकारनें रस्ता केला." जणूं सरकारनें आपल्या वडिलार्जित जमिनीच्या उत्पन्नांतून तो केला! म्हणून आधीं पैशाची कूळकथा ऐका.

मुंबई इलाख्यांत १८६३ सालापासून शेतसाऱ्यावर लोकल फंड नांवाची पट्टी बसूं लागली, आणि १८६९ सालीं तिचा कायदा झाला. साऱ्याच्या रुपयामागें एक आणा. त्यांतले दोन हिस्से रस्त्यांच्या वगैरे कामांकडे आणि एक हिस्सा शाळांकडे. म्हणजे या मुलखांतला रस्ता आणि शाळा हीं दोन्ही नांगराच्या फाळांतून निघालीं आहेत. पण खर्च कोठें करावा हें ठरविणाऱ्या कमिटीवर अध्यक्ष कलेक्टरसाहेब, आणि भोंवतीं इनामदार व वजनदार मंडळी. नांगर धरणाराला तेथें खुर्ची नव्हती. १८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका लोकल बोर्डें झालीं, तरी मतदानाचा हक्क मूठभरांनाच राहिला. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट सांगितलें, कीं सरकारी तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि विद्येचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. ती गोष्ट शिक्षणाची होती. रस्त्यांचें तरी निराळें काय होतें? जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेके घेत असत. सरकारी कामाचा पैसा कोणत्या वाटेनें झिरपतो हें त्यांना ऐकीव नव्हतें.

आतां कोणी म्हणेल, तें राज्य गेलें. गेलें खरें. १९६२ सालीं १ मे रोजीं जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि शेतकऱ्याचीं पोरें त्या खुर्च्यांवर बसलीं. १९९३ सालीं घटनेची ७३ वी दुरुस्ती अमलांत आली. तिनें जोडलेल्या अकराव्या परिशिष्टांत पंचायतींकडे सोंपवितां येण्याजोगे २९ विषय आहेत, त्यांत रस्ते, मोऱ्या आणि पूल आहेत. खुर्ची आपली झाली, कायदा आपला झाला. मग मोरी कां वाहून जाते?

त्याचें एक कारण असें कीं हिशेब विचारण्याची संवय आपल्याला लागली नाहीं. आपला खातेउतारा, आठ-अ, काढून पाहा. जमिनीच्या आकाराशेजारीं जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या उपकराचे रकाने आहेत. लोकल फंडाच्या एका आण्याचा वंशच तो! जमीन विकत घेतली तर खरेदीखतावर एक टक्का जिल्हा परिषदेच्या नांवानें निराळा द्यावा लागतो. घरपट्टी आहेच. मात्र हे पैसे थोडे. जमिनीचा आकार जुना, घरपट्टी निम्मी थकलेली. तेवढ्यावर डांबर येत नाहीं. मोठा पैसा मुंबईहून आणि दिल्लीहून अनुदान म्हणून येतो. तोही आपलाच, खताच्या गोणीपासून सायकलच्या ट्यूबपर्यंत आपण कर भरतोंच. पण वरून फिरून आला कीं तो आपला वाटत नाहीं, कोणाच्या तरी कृपेचा वाटतो. आणि मग ज्यानें आणला त्याच्या नांवाचा फलक लागतो.

दुसरें कारण नीट समजून घ्या, कारण कचेरींत आपल्याला येथेंच चकवतात. सगळे रस्ते एका मालकाचे नाहींत. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणें सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गांवठाणांतल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. आणि शेताची पाणंद? ती गांवनकाशावर असते, पण रस्त्यांच्या नोंदवहींत बहुधा नसते. ज्या रस्त्याला क्रमांक नाहीं त्याला पैसा नाहीं, मग त्यावरून रोज शंभर माणसें जावोत. ओढ्यापलीकडच्या वस्तीची वाट अशीच बिनक्रमांकाची आहे. आपण बांधकाम खात्याकडे गेलों, तेथें म्हणाले जिल्हा परिषदेकडे जा. जिल्हा परिषदेंत म्हणाले पंचायतीकडे जा. पंचायतींत म्हणाले पैसे नाहींत. कोणी खोटें बोललें नाहीं, आणि काम कांहीं झालें नाहीं.

तिसरें कारण सगळ्यांत मोठें. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांचा पैसा जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. कागदावर दोन आंकडे ऐकूं येतील, ५०५४ आणि ३०५४. पहिला बांधणीचा, दुसरा देखभाल-दुरुस्तीचा. शिवाय गांवांतल्या कामांसाठीं पंचवीस-पंधरा म्हणून आणखी एक लेखाशीर्ष आहे. तें आपल्या पुढाऱ्यांना पाठ असतें, कारण त्यांतलीं कामें त्यांच्या शिफारशीनें होतात. आतां तुम्हीच सांगा, नव्या रस्त्याचा नारळ फुटतो, छायाचित्र निघतें. बुजलेल्या खड्ड्याचें उद्घाटन कोणी करतो काय? साफ केलेल्या गटारीवर कोणाच्या नांवाची पाटी लागते? म्हणून नव्याला माणूस आहे, दुरुस्तीला माणूस नाहीं. आणि डांबराचा वैरी तर पाणी. बाजूची गटार तुंबली, साइडपट्टी उंच झाली, कीं पाणी रस्त्यावर साचतें, भेगेंतून खालीं उतरतें, आणि वरून उसाची ट्रॉली गेली कीं खडी उखडते. पहिल्या पावसाआधीं चार गडी लावून गटार उपसली असती तर रस्ता आणखी कित्येक वर्षें टिकता. तें होत नाहीं. मग सबंध रस्ता उखडल्यावर तोच रस्ता नवा म्हणून पुन्हां मंजूर होतो. ठेकेदाराला तें बरेंच आहे. आणि हा ठेकेदार आतां कोणी परका नाहीं. आपल्याच जातभाईंपैकीं, आपल्याच पुढाऱ्याचा मेहुणा असतो. तो आपला आहे म्हणून खड्डा कांहीं मऊ होत नाहीं.

२०२२ सालीं बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढें वर्षानुवर्षें तेथें प्रशासक बसले. त्या काळांत रस्त्याची यादी लोकांच्या प्रतिनिधीविना ठरली. त्यावर फारसा आरडाओरडा झाला नाहीं याचें मला नवल वाटतें. कलेक्टरसाहेबांच्या कमिटीविरुद्ध ज्यांच्या पणज्यांनीं सभा भरविल्या, त्यांना प्रशासक कसा खपला?

ग्रामपंचायतीकडे थेट आलेल्या पैशाचेंही ऐका. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं जें अनुदान दिलें, त्यांतले ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधलेले होते. उरलेल्या ४० टक्क्यांत दिवे, शाळेची डागडुजी, रस्ते, सारें बसवावयाचें होतें. त्यांतून पहिला रस्ता कोणाचा झाला? गांवोगांव पाहा: चावडीपासून सरपंचांच्या दारापर्यंत आधीं काँक्रीट येतें, महारवाडा-मांगवाडा म्हणून ज्यांना गांवानें शिवेवर ठेवलें त्यांचा चिखल शेवटीं जातो. त्या वस्त्यांसाठीं जिल्हा परिषदेची निराळी योजना आहे, आणि पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नांतून मागासवर्गीयांसाठीं १५ टक्के राखून ठेवावे लागतात. ते खर्च झाले कीं नाहीं हें विचारण्याचा हक्क त्या वस्तीइतकाच बाकीच्या गांवालाही आहे, आणि विचारणें हें गांवाचें काम आहे.

आपल्याकडेही बोट दाखवतों, राग मानूं नका. पाणंद कोणी खाल्ली? बांध दरवर्षीं नांगराच्या एका तासानें सरकत गेला. एके काळीं दोन गाड्या सुटत होत्या तेथें आज बैलाला वळतां येत नाहीं. गटार कोणी बुजवली? ज्याला शेतांत जायला वाट हवी होती त्यानें. पाइपाचे पैसे वांचविले आणि मुरूम टाकला. थकलेल्या घरपट्टीची यादी काढली तर पहिलीं नांवें पत्र्याच्या घरांचीं निघत नाहींत, माडीच्या घरांचीं निघतात. १९७२ च्या दुष्काळांत आपल्याच आयाबापांनीं खडी फोडून रस्ते घातले. त्या हातांची आठवण ठेवूनही आपण ते जपले नाहींत.

आतां पुढचें. पाणंद अडली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे. त्याच्या पांचव्या कलमाखालीं तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो. वकिलाची गरज नाहीं. पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल, जी योजना २००० सालीं सुरू झाली, तर पहिल्या पांच वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराच्या करारांत घातलेली असते. रस्त्याकडेचा फलक वाचा, तारीख पाहा, आणि मुदत उरली असेल तर पंचायतीकडे रडूं नका, त्या ठेकेदाराकडून काम मागा. इतर कामांचें अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक माहितीच्या अधिकारांत मागतां येतें. खडीचा थर किती इंच लिहिला आहे तें आमच्या लोहारदादांनीं पहारीनें उकरून पाहावें. त्यांना इंजिनियरपेक्षां लवकर कळेल.

आणि ग्रामसभा. तेथें वर्षाचा आराखडा ठरतो, पण आपण हजेरीच्या वहींत अंगठा उठवून घरीं जातों. आधीं बायकांची सभा भरते, तिच्यांत पाण्याच्या जोडीनें रस्त्याचा ठराव आईबहिणींनीं मांडावा. पाण्याची घागर त्याच वाटेनें येते. ठराव असा हवा: ओढ्यापलीकडच्या वाटेची ग्रामीण मार्ग म्हणून नोंद व्हावी, क्रमांक मिळावा, मोरी उंच करावी, आणि गटारी दरवर्षीं मे महिन्यांत उपसाव्या. नव्या कामाआधीं दुरुस्तीचा पैसा बाजूला काढावा, हें त्यांत लिहून घ्या, आणि वाचून दाखविल्याशिवाय सही करूं नका.

ज्यांना अर्ज लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर मी पारावर बसेन. येतांना आठ-अचा उतारा आणा. ओढ्यापलीकडच्या मंडळींनीं गांवनकाशाची नक्कलही आणावी. त्या वाटेवर बोट ठेवूनच अर्ज लिहूं.