लहान संगणकाचा श्वास

जागा वाचावी म्हणून संगणकाची पेटी लहान झाली. आतील उष्णता मात्र त्या प्रमाणात घटली नाही. पंखा हवा थंड करीत नाही, केवळ उष्णता वाहून नेतो. म्हणून पंखे वाढविण्यापेक्षा हवेची वाट मोकळी ठेवणे अधिक महत्त्वाचे. गार हवा समोरून वा खालून आत यावी, तापलेली मागून वा वरून बाहेर पडावी. मध्ये तारांचा गुंता नसावा. पेटी भिंतीला टेकवू नये. जाळीवरील धूळ नियमितपणे झाडावी. अनेक प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की स्वसंरक्षणार्थ आपली गती उतरवितात. तेव्हा मंदावलेले यंत्र निकामी ठरवून नव्याची मागणी नोंदविण्यापूर्वी, त्याचा श्वास तर कोंडला नाही ना, हे आधी पाहिले जावे.