तरसाची बाजू

तरस म्हटलें कीं ओंगळ, भेकड आणि दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगणारें जनावर, अशी समजूत घरोघर रूढ आहे. महाराष्ट्राच्या माळरानांत व डोंगरकपारींत आढळणारें तरस पट्टेरी जातीचें. तें बहुधा एकटें हिंडतें आणि मेलेल्या जनावरांवर पुष्कळसा निर्वाह करतें. आफ्रिकेंत त्याचें एक भाऊबंद आहे, ठिपक्यांचें तरस. दुष्कीर्ति दोघांच्याहि वाट्याला सारखीच आली. परंतु ठिपक्यांच्या तरसावरील आरोपांची चौकशी गेल्या साठ वर्षांत शास्त्रज्ञांनीं इतक्या बारकाईनें केली आहे कीं, त्याची बाजू आतां ऐकून घेणें प्राप्त आहे.

प्रथम कुळाचा विचार. दिसण्यांत तरस कुत्र्यासारखें. पण त्याचें खरें नातें मांजर व मुंगूस यांच्याशीं आहे. त्याच्या कुळांत आज अवघ्या चार जाति उरल्या आहेत: ठिपक्यांची, पट्टेरी, तपकिरी आणि वाळवी खाऊन राहणारी एक लहानखुरी जाति. यांत ठिपक्यांचें तरस सर्वांत थोराड.

मुख्य आरोप चोरीचा. आफ्रिकेच्या गवताळ मैदानांत सकाळीं सिंह मेलेल्या सावजाजवळ बसलेला दिसे आणि भोंवतालीं तरसें घुटमळत असत. शिकार सिंहाची आणि तरसें उष्ट्याची धनी, असा निष्कर्ष पाहणारा सहजच काढी. हान्स क्रूक या डच प्राणिशास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत टांझानियांतील सेरेंगेटी व न्गोरोंगोरो येथें तरसांचा माग रात्रीं, चांदण्यांत काढला, तेव्हां गोष्ट उलटी निघाली. न्गोरोंगोरोंत तरसांचें बहुतेक अन्न त्यांनीं स्वतः मारलेलें होतें. त्यांचा गलबला ऐकून सिंह येत, त्यांना हुसकून लावीत आणि सकाळीं मालक होऊन बसत. साक्षीदार उशिरां पोंचला, एवढाच काय तो घोटाळा. झेब्र्याची शिकार करावयाची असली कीं तरसें आधींच मोठी टोळी जमवून निघत आणि वाटेंतल्या दुसऱ्या सावजाकडे लक्षहि देत नसत, असेंहि क्रूकला दिसून आलें. हा बेत झाला. नुसती भूक नव्हे. त्याचा ग्रंथ १९७२ सालीं प्रसिद्ध झाला.

बेत करणाऱ्या या जनावराचा संसार कसा असतो, तें पाहण्यासारखें आहे. केनियांतील मसाई मारा येथें के होलेकॅम्प या विदुषीनें १९८८ सालीं तरसांच्या टोळ्यांचें निरीक्षण आरंभिलें आणि तें काम पुढें कित्येक पिढ्या पाहत चालू राहिलें. एका टोळींत कधीं कधीं ८० हून अधिक प्राणी असतात. सत्ता माद्यांची. पिलाला आईच्या लगतची पायरी मिळते आणि बहिणींत धाकटीचा मान थोरलीपेक्षां वरचा असतो. नर वयांत आले कीं बहुधा घर सोडून परक्या टोळींत जातात आणि तेथें सर्वांत खालच्या पायरीवर आपली पाळी येण्याची वाट पाहतात. बाहेरून आलेल्या जांवयाला मान द्यावयाचा असतो, ही रीत त्या समाजाला ठाऊक नाहीं!

ही सगळी मंडळी एकत्र क्वचितच असते. लहान लहान गटांनीं ती पांगते व पुन्हां जमते. म्हणून कोण कोणाचें आणि कोण कोणाच्या वर, हें प्रत्येकाला ध्यानांत ठेवावें लागतें. त्यांची लांबलचक हाक कित्येक किलोमीटर ऐकूं जाते आणि प्रत्येकाची हाक निराळी असते. लोक ज्याला तरसाचें हास्य म्हणतात, तो आवाज बहुधा मार खाणाऱ्या, भेदरलेल्या तरसाचा असतो. भांडणांत तिसरें तरस पडलें, तर तें बहुधा वरिष्ठाचा पक्ष घेतें. आणि भांडण मिटल्यावर प्रतिपक्षाच्या नातलगांवर राग काढण्याचीहि त्यांना खोड आहे. याचा अर्थ, आपलींच नव्हे तर दुसऱ्यांचींहि नातीं तीं ओळखतात.

या बुद्धीची परीक्षाहि घेण्यांत आली. क्रिस्टीन ड्रिया यांनीं अमेरिकेंत पिंजऱ्यांतील तरसांपुढें दोन दोऱ्या ठेवल्या. दोघांनीं त्या एकाच वेळीं ओढल्या तरच खाणें खालीं पडे. कोणीं न शिकवतां जोड्यांनीं युक्ति साधली, आणि जोडीदार नवखा असला तर अनुभवी तरस त्याला सांवरून घेई. हे प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाले. केनियांत परक्या तरसांच्या हाका ध्वनिवर्धकावरून ऐकविल्या, तेव्हां हाका देणारे एक, दोन कीं तीन, याप्रमाणें ऐकणाऱ्यांची सावधगिरी कमीअधिक झाली. आणखी एका प्रयोगांत कडी लावलेल्या पोलादी पेटींत मांस ठेवून ती ६२ रानटी तरसांपुढें मांडली. फक्त ९ जणांना ती उघडतां आली. यशस्वी ठरलीं तीं नाना प्रकारें प्रयत्न करून पाहणारीं. एकाच रीतीला चिकटलेल्यांच्या हातीं कांहीं लागलें नाहीं.

तरस आणि माकड यांचीं कुळें किती दूरचीं! तरीहि तरसांची समाजरचना कांहीं जातींच्या माकडांसारखीच आहे. चार जणांत राहावयाचें तर चौघांना ओळखावें लागतें, आणि त्यामुळें बुद्धीला धार येते, असें अनेक शास्त्रज्ञ मानतात तें यामुळेंच.

ठिपक्यांचें तरस गुरें मारतें, हेंहि खरें. गुराख्याचा राग निराधार नाहीं. परंतु त्या रागांत जुनी दुष्कीर्ति मिसळली कीं, विष घालतांना व फास लावतांना कोणाचाहि हात थरथरत नाहीं. उलट इथिओपियांतील हरार या तटबंदीच्या शहरांत तरसें रात्रीं गल्ल्यांतून हिंडून टाकलेलें मांस व हाडें खाऊन जातात, आणि तटाबाहेर माणसें त्यांना नांवानें हाका मारून हातानें मांस भरवितात. तेथील लोकांनीं तरसाला साधु मानलेलें नाहीं. रात्रीं येणारा हा शेजारी कोण, कसा आणि कशासाठीं येतो, हें मात्र त्यांनीं ओळखून ठेवलें आहे.